निळा चौकोन कुठे गेला

आत्याचा फोन आला तेव्हा मी कुर्ल्याच्या पुलावर होते. फोन घ्यायची ती जागाच नव्हे. संध्याकाळी तिथे क्षणभर थांबलं तरी मागचे लोक न विचारता तुम्हाला पुढे नेतात. तरी घेतला, कारण आत्या उगाच फोन करत नाही. ना 'कशी आहेस', ना 'निघालीस का'. पहिलंच वाक्य, "अगं, माझा निळा चौकोन कुठे गेला?" ती बँकेच्या ॲपबद्दल बोलतेय हे कळायला मला पुलाच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. लाइट बिलाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि ज्या निळ्या चौकोनापासून तिचं बिल भरणं सुरू व्हायचं, तो चौकोन जागेवर नव्हता. स्क्रीन पांढरीफटक, वर कुणाचं तरी हसरं चित्र आणि खाली एकच मोठं बटण : 'पुढे जा'. मी सवयीने म्हटलं, "अपडेट झालं असेल गं, दाब ना ते." त्यावर आत्या म्हणाली, "कशावरून?"

गाडी आली, रेटारेटी झाली, आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "राहू दे. मी दाबत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन बिल भरणा केंद्राच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बिल भरलं गेलं, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र ते 'कशावरून' जाईना. कारण गेली काही वर्षं घरातले आम्ही सगळे तिला एकच पढवत आलो आहोत : मोबाइलवर काही वेगळं दिसलं, नेहमीचं नाही असं वाटलं, की हात लावायचा नाही; आधी आम्हाला विचारायचं. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारे भामटे, 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल' असे मेसेज, बँकेचं वाटावं असं हुबेहूब खोटं पान, या सगळ्याच्या बातम्या आम्हीच तिला वाचून दाखवल्या. तिने आमचं तंतोतंत ऐकलं. वेगळं दिसलं, हात लावला नाही, विचारलं. आणि ते वेगळं दिसणं खुद्द बँकेने केलेलं होतं.

रविवारी चुनाभट्टीला गेले. आत्याच्या घरी मोबाइलशेजारी एक वही असते. जुन्या डायरीची उरलेली पानं, वर रबर बँड. बाहेरच्या कुणाला ती दाखवत नाही, पण मला मुभा आहे. प्रत्येक कामाला एक पान. शीर्षक अधोरेखित, खाली क्रमांक घातलेल्या ओळी, कचेरीतल्या टिपणीच्या शिस्तीत. 'विद्युत देयक' या पानावर असं होतं : १) निळा चौकोन. २) उजवीकडून दुसरे (दिव्याचे चित्र). ३) गोल फिरते. फिरत असताना काहीही दाबू नये. ४) रक्कम वाचावी, कागदी बिलाशी ताडावी. ५) आकडे येतील (६). मेसेज बंद न करता पाठ करावेत. आणि समासात लाल पेनाने, 'आकडे कोणालाही सांगू नयेत, सुनीललासुद्धा'. सुनील म्हणजे तिचा मुलगा. मला ती वही फार आवडते. ॲप बनवणाऱ्यांनी वापरणाऱ्यासाठी जे मार्गदर्शन लिहायला हवं होतं, ते एका निवृत्त टायपिस्ट बाईने स्वतःपुरतं लिहून काढलं आहे. एका रात्रीत त्यातलं पहिलं कलमच रद्द झालं.

तिची तक्रार मला समजते, कारण तिच्या बोटांचा इतिहास मला माहीत आहे. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत तिची सगळी नोकरी मराठी टंकलेखक म्हणून गेली. शासनाची मराठी टायपिंगची परीक्षा मिनिटाला तीस शब्दांची, इंग्रजीची चाळीसची. तिच्याकडे दोन्ही प्रमाणपत्रं आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या वर. गोदरेजचं लोखंडी धूड होतं टेबलावर. भारतात टाइपरायटर बनवायला गोदरेजने १९५५ साली सुरुवात केली. आत्याच्या वाट्याला त्यातलं कितव्या पिढीचं मशीन आलं देव जाणे, पण कळफलक ज्या जागी होता त्या जागीच राहिला. ख, घ, थ, ध, भ, श ही अक्षरं अर्धी छापायची आणि पुढे काना मारून पुरी करायची. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी हाणायची, कारण कागदावर ती आधी येते. मशीन बदललं, साहेब बदलले, मंत्रिमंडळं बदलली. 'भ'ची जागा बदलली नाही. एकदा हात बसला की तो तुमचा. तो कुणी रात्रीतून काढून नेत नसे.

मग नव्वदीत कचेरीत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासोबत मराठीचे फॉन्ट. हा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा. या कचेरीत टाइप केलेलं पत्र त्या कचेरीत उघडलं की मराठीऐवजी रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या, मधे अंश-चिन्हं, डॉलर, नुसता गोंधळ. कारण आत मराठी नव्हतीच; इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे चढवलेले होते आणि तो चेहऱ्यांचा डबा समोरच्याकडे नसला की पितळ उघडं पडायचं. फाइल पाठवायची तर सोबत फॉन्टही फ्लॉपीवर घालून द्यायचा. आत्या तेव्हा साहेबांना म्हणाली होती, "कागद पाठवला तर वाचता येतो, मग हे सुधारलं काय?" तिला शिपायापासून सगळे हसले. प्रश्न अगदी रास्त होता.

त्याचं उत्तर एव्हाना तयार होत होतं, कचेऱ्यांपर्यंत पोचायचं होतं इतकंच. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनांत एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची, तिच्यात देवनागरी होती. विंडोज २०००बरोबर मंगल हा फॉन्ट आला आणि नंतर कुणाकडेही, काहीही न घालता, मराठी मराठीच दिसू लागली. मंगल काढला र. कृ. जोशींनी : कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत अक्षरं शिकवणारा माणूस. डीटीपीवाले मंगलला नाकं मुरडतात, मीही मुरडली आहेत. पण माझ्या पहिल्या मराठी ईमेलची अक्षरं आपल्याच शहरात राहून अक्षरांचा ध्यास घेतलेल्या माणसाची होती, हे मला उशिरा कळलं आणि कळल्यावर उगाचच बरं वाटलं. आणखी एक गंमत. 'ॲप' लिहायला लागतं ते चंद्र डोक्यावर घेतलेलं अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८च्या एप्रिलमध्ये. आयफोनचं ॲप स्टोअर उघडलं त्याच वर्षी जुलैमध्ये. अक्षर तीन महिने आधी हजर.

मराठीत टाइप करताना मला एक आनंद रोज मिळतो, आणि तो कुणाला सांगितला तर लोक माझ्याकडे काळजीने बघतात. 'क्षि' लिहा. आता बॅकस्पेस दाबा. फक्त वेलांटी जाते, 'क्ष' उरतो. पुन्हा दाबा, 'ष' गळून पडतो आणि पाय मोडलेला क् उभा राहतो. पुन्हा दाबा, त्याचा पाय बरा होतो, धडधाकट 'क'. शाळेत बाईंनी फळ्यावर जोडाक्षर जसं फोडून दाखवलं होतं, अगदी त्याच क्रमाने मशीन ते उलटं उकलतं. शेजारचं डिलीट मात्र आडदांड. कर्सर अक्षराच्या अलीकडे ठेवून ते दाबलं की अख्खं अक्षर एका घासात जातं. कितीतरी कंटाळवाण्या मीटिंगांत मी 'क्षि' लिहून परत उकलत बसले आहे. आत्याला हे दाखवलं तर ती म्हणाली, "पण वेलांटी नंतर टाइप करायची हे मला अजून पटलेलं नाही." चाळीस वर्षं वेलांटी आधी. मी वाद घातला नाही.

तिला खरी जिंकली ती कंट्रोल झेडने.

हे समजायला स्टेन्सिलचा वास माहीत असावा लागतो. सायक्लोस्टाइलसाठी, म्हणजे एकाच मजकुराच्या ढीगभर प्रती काढणाऱ्या यंत्रासाठी, मेणकागदी स्टेन्सिल कापायचा, रिबन काढून, नुसत्या अक्षरांच्या ठोक्यांनी. चूक झाली की तांबड्या रंगाचं करेक्शन फ्लुइड ब्रशने लावायचं, फुंकर मारायची, वाळेपर्यंत थांबायचं, मग त्याच जागी नेमका ठोका. जरा घाई केली की भोक. कार्बन लावून प्रती काढत असाल तर चूक जितक्या प्रतींत, तितक्या ठिकाणी खोडरबर. परिच्छेद हलवायचा तर कात्री आणि डिंकाची बाटली, मग त्या चिकटवलेल्या मसुद्यावरून सगळं पान पुन्हा टाइप. मी तिला लॅपटॉपवर एक ओळ पुसून कंट्रोल झेडने परत आणून दाखवली तेव्हा ती काही बोलली नाही. स्वतःच्या हाताने पुसली, परत आणली. मोठा परिच्छेद पुसला, परत आणला. मग चश्मा काढून म्हणाली, "हे आधी का नाही केलं यांनी?" कट-कॉपी-पेस्ट ज्यांच्या नावावर जमा आहे ते लॅरी टेस्लर १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात होते. झेरॉक्स म्हणजे तीच, आपल्या प्रत्येक गल्लीतल्या दुकानाच्या पाटीवर जिचं नाव असतं. टेस्लर २०२० साली गेले. त्यांचा एक हट्ट होता : एकच कळ एका 'मोड'मध्ये एक आणि दुसऱ्या 'मोड'मध्ये दुसरंच काम करते असं कधी होऊ नये. इतका की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. आत्याची आणि त्यांची गाठ पडली असती तर दोघांचं छान जमलं असतं.

या शहरात सॉफ्टवेअरने दिलेली सुखं मोजायला बसले तर मला कृतघ्न म्हणता येणार नाही. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढता येतं. रुळांपासून जरा लांब उभं राहून काढावं लागतं म्हणून स्टेशनाबाहेर रिक्षा स्टँडपाशी माणसं मोबाइल आभाळाकडे धरून उभी दिसतात, पण खिडकीची रांग वाचते. एम-इंडिकेटर या ॲपमध्ये नेटवर्क नसतानाही गाड्यांचं वेळापत्रक उघडतं. हे ज्याला सुचलं तो नक्की गर्दीच्या डब्यातून प्रवास करणारा असणार. वातानुकूलित खोलीत बसून अशी गोष्ट सुचत नाही. भाजीवालीच्या टोपलीमागून डबा मराठीत ओरडतो की पैसे मिळाले, आणि तिला ओले हात पुसून मोबाइल बघावा लागत नाही. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. कुणीतरी वापरणाऱ्याचे हात बघितले आहेत : ते ओले आहेत का, त्यात पिशवी आहे का.

आणि मग ते गोल फिरणारं. आत्याच्या वहीत त्याला नाव नाही, नुसतं 'गोल फिरते'. १९८५ साली ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने काम किती टक्के झालं हे दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास केला आणि लोकांना ती हवीशी वाटते असं दाखवून दिलं. साधी गोष्ट आहे. प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर तीन मिनिटं म्हणून आठ लावेल, पण निदान एक आकडा देतो. त्या आकड्यावर आपण वडापाव घ्यायचा की नाही ते ठरवतो. गोल फिरणारं काहीच सांगत नाही. पैसे गेले, गेले नाहीत, वाटेत आहेत, बँक झोपली आहे, सगळ्याला एकच फिरकी. पट्टी होती तेव्हा तिच्यावर खोटं बोलल्याचा आळ तरी घेता यायचा.

अपडेट नकोतच असं मी म्हणणार नाही. अपडेट नाकारणं म्हणजे चोराला दार उघडं ठेवणं, हे मला कामामुळे पक्कं ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टने २००३च्या ऑक्टोबरपासून महिन्याचा दुसरा मंगळवार सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी ठरवून टाकला. अमेरिकेतली मंगळवारची सकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र, त्यामुळे त्यानंतरच्या बुधवारी ऑफिसात शिरलं की निम्मे लॅपटॉप 'बंद करू नका' म्हणत बसलेले असतात आणि माणसं चहाला गेलेली. निदान तारीख तरी कळते. माझं भांडण वेगळंच आहे. भगदाडं बुजवणारी दुरुस्ती आणि बटणांची हलवाहलव ही दोन कामं एकाच पुडक्यात येतात. एक घ्यायचं आणि दुसरं ठेवून द्यायचं, ही सोय नाही. पुडक्यावर लिहिलेलं असतं : 'काही त्रुटी दूर केल्या आहेत आणि तुमचा अनुभव अधिक चांगला केला आहे.' आत्याच्या ॲपच्या पानावर मी शोधून पाहिलं, निळ्या चौकोनाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मग तिच्या 'कशावरून'ला मी कशाच्या जोरावर उत्तर देणार होते? ज्या माणसांना फसवलं जाण्याचा धोका सर्वांत जास्त, त्यांनाच सुरक्षेची दुरुस्ती सर्वांत जास्त हवी, आणि स्क्रीनचा चेहरा बदलल्याने गांगरतात तीच. आम्ही घरचे लोक 'अगं अपडेट आहे, दाब' म्हणतो तेव्हा तिला नेमकं काय शिकवतो? बदललेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवायला. भामट्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं!

त्यात पुन्हा आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं. चौकोनांमधून ट्रॅफिक सिग्नल निवडा, आगीचे बंब लावायचे ते रस्त्याकडेचे नळ निवडा. आत्याने अमेरिकेतली पिवळी शाळेची बस पाहून मला विचारलं होतं, "ही बस म्हणायची का? बेस्टची तर नाही." मी तिला यातली एक जुनी गोष्ट सांगितली. २००७च्या सुमारास अशा खिडक्यांत वेडेवाकडे शब्द दिसायचे. त्यातले काही जुन्या पुस्तकांच्या, वर्तमानपत्रांच्या छायाप्रतींतले असत, जे मशीनला वाचता येत नव्हते. आपण ते टाइप करायचो आणि तिकडे पुस्तकं डिजिटल होत जायची. आत्याने हिशेब केला. "म्हणजे जगभरच्या लोकांकडून फुकट टायपिंग करून घेतलं? पानामागे दर असतो त्याला." जिल्हा कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टांचा दर तिला तोंडपाठ होता, तो तिने सांगितलाही.

पावसाळ्याच्या तोंडाला तिने स्वतःच मोबाइलवर बोलून टाइप करायचं शोधून काढलं. मराठीसाठी गुगलने ही सोय २०१७ साली आणली. आत्यापर्यंत ती शेजारच्या सातवीतल्या मुलीकडून पोचली. माझ्यासमोर तिने फोन टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि खोलीत येरझाऱ्या घालत बोलू लागली. तिचे साहेब असेच बोलायचे म्हणे, आणि ती थेट मशीनवर उतरवायची. "प्रति, स्वल्पविराम, शाखा व्यवस्थापक, स्वल्पविराम." फोनने 'स्वल्पविराम' हा शब्दच लिहून टाकला, दोन्ही वेळा. आत्या इतकी हसली की खोकला आला. मग खुर्चीत बसून तिने ते शब्द पुसले, विरामचिन्हं घातली, 'दऱ्या'मधल्या आडव्या रफारासाठी कळफलकावर दोन वेळा शोधाशोध केली (पत्रात दऱ्या कुठून आल्या विचारू नका, फोनने 'दिल्या'चं ते केलं होतं), आणि शेवटी निकाल जाहीर केला : "वेग आहे. शुद्धता नाही. परीक्षेत बसला असता तर गेला असता."

पत्राचा विषय होता, 'मोबाइल ॲपमधील बटणांच्या जागा ग्राहकांस पूर्वसूचना न देता बदलल्याबाबत'. खाली 'उपरोक्त विषयान्वये विनंती की' आणि दोन कलमं. एक, बदल करण्याआधी किमान आठ दिवस ॲपमध्येच ठळक अक्षरांत कळवावं, जुन्या आणि नव्या जागेच्या चित्रासह. दोन, जुनी मांडणी काही काळ सुरू ठेवण्याचा पर्याय द्यावा. मी त्यात एक शब्द बदलला नाही. ॲप बनवणाऱ्या कंपन्यांतल्या तगड्या पगाराच्या मीटिंगांत याहून स्पष्ट मागणीपत्र मी पाहिलेलं नाही. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याने दोन प्रती काढल्या. शाखेत काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ॲपची तक्रार आता ॲपमध्येच करायची असते." आत्याने त्याला विचारलं, कुठे? त्याने स्वतःच्या मोबाइलवर शोधलं, शेजारच्या बाईंना विचारलं, दोघांनी मिळून शोधलं. तेवढ्यात आत्याने दुसरी प्रत पुढे सरकवली आणि पोच मागितली. शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक, सगळं घेतल्याशिवाय ती खुर्चीवरून उठली नाही. उत्तर अजून आलेलं नाही. स्मरणपत्र क्रमांक एकचा मसुदा तयार आहे, तारीख तेवढी टाकायची आहे.